लोहगडाला निघण्यापूर्वी

(स्नेहसंमेलनाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडं गाळलं आहे, थोडं नंतर आठवलं ते घातलं आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘निसर्ग आणि आपण’. हा विषय आपल्याला नववीत निबंधाला होता. तेव्हा मला वीसपैकी अकरा मिळाले होते. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना आठवत नसेल, पण समासात लाल शाईने लिहिलेला शेरा मला आठवतो : ‘मुद्दे बरे, अनुभव नाही.’ आज अनुभव आहे. तो फारसा अभिमानाचा नाही, हे आधीच सांगतो.

उद्या सकाळी आपण अठ्ठ्याहत्तर जण लोहगडावर निघालो आहोत. दोन बसेस ठरल्या आहेत. संयोजन समितीने महिनाभर राबून सगळं केलं, त्यांचं कौतुक करायलाच हवं. पण गेल्या आठवड्यात ग्रुपवर माझं आणि समितीचं जे वाजलं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलं आहे. पाण्याच्या बाटल्यांची खोकी, चहाचे कागदी कप आणि एक मोठा स्पीकर या तीन गोष्टी मी रद्द करायला लावल्या. कुणीतरी लिहिलं, ‘हा शाळेत मॉनिटरसुद्धा नव्हता, आता कुठून अधिकार आला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मी इथे उभा आहे.

आधी लोहगडाचं. नववीत, १९८१च्या डिसेंबरमध्ये, शाळेची सहल तिथे गेली होती. मळवलीला उतरून भाज्यावरून चालत गायमुख खिंडीत गेलो, डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. भूगोलाचे आपले सर पुढे आणि शिपाईमामा सगळ्यात मागे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, हे चार दरवाजे क्रमाने पाठ केल्याशिवाय सरांनी डबा उघडू दिला नव्हता. विंचूकाट्याच्या टोकाकडे जाताना वारा इतका होता की आपल्यातल्या एकाची टोपी पवनेच्या बाजूला उडाली आणि पुढे वर्षभर आपण त्याला ‘टोपीशहीद’ म्हणत होतो.

डबे खाऊन झाल्यावर सरांनी संत्र्याची सालंसुद्धा गोळा करायला लावली. मी शहाणपणा केला, ‘सर, सालं तर कुजतात.’ सर म्हणाले, ‘कुजतील तेव्हा कुजतील. त्याआधी माकडं येतील. आज साल खातील, पुढच्या वर्षी तुझ्या हातातली पिशवी ओढतील.’ १९८१ साली आम्ही हसलो होतो. आज कुठल्याही गर्दीच्या गडावर जा, माकडं पिशवीची चेन उघडतात. बाटलीचं झाकण फिरवून काढणारं माकड मी स्वतः पाहिलं आहे. ती त्यांची हुशारी नव्हे, आपण लावलेली शिकवणी आहे.

त्याच सहलीत मी एक पराक्रम केला. सोळाकोनी तळ्यापाशी एका दगडावर कंपासपेटीतल्या कर्कटकाने माझ्या नावाची दोन अक्षरं कोरली. खाली ‘९ ब’ हेही कोरलं, म्हणजे ओळख पटायला अडचण नको. सरांनी पाहिलं. गडावर काहीच बोलले नाहीत. सोमवारी पहिल्या तासाला मला फळ्यावर लोहगडाचा नकाशा काढायला लावला. दरवाजे दाखवले, तळं दाखवलं, विंचूकाटा दाखवला. मग सर म्हणाले, ‘आता तू इतिहासात कुठे भर घातलीस ते दाखव.’ अख्खा वर्ग हसला. मी खूण केली. ती खूण दिवसभर फळ्यावर ठेवली होती, पुसू दिली नाही.

२०२५च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत आपला लोहगड आहे. बातमी वाचली आणि आनंदाच्या आधी मला घाम फुटला. ऑगस्टमध्ये जाऊन पाहून आलो. अक्षरं आहेत. चव्वेचाळीस पावसाळे खाऊनही आहेत. आजूबाजूला आणखी तीसेक नावं, दोन बाण लागलेली हृदयं. मी सुरुवात केली असं म्हणत नाही, पण कोऱ्या दगडापेक्षा कोरलेल्या दगडावर हात लवकर चालतो. संरक्षित स्मारकावर असं काही केलं तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घासून काढावीत असं मनात आलं होतं. पण घासायचं म्हणजे आणखी दगड काढायचा. तेव्हा उद्या कुणी मदतीच्या उत्साहाने सँडपेपर आणू नका.

आता दुसरी गोष्ट. ही मी आजवर चार-पाच माणसांनाच सांगितली आहे. त्या गोष्टीत आपल्या वर्गातले आणखी तिघे आहेत. त्यातले दोघे आत्ता या सभागृहात आहेत. दुपारी जेवताना मी त्यांना विचारलं, सांगू का? एक म्हणाला, सांग. दुसऱ्याने पानातला जिलेबीचा तुकडा दोनदा इकडून तिकडे केला आणि मग म्हणाला, नाव घेऊ नकोस. नाव घेत नाही. चौथा मेलबर्नला आहे, तो हे छापून आल्यावर वाचेल.

१९९० सालचा फेब्रुवारी. आम्हा चौघांना नुकत्याच नोकऱ्या लागल्या होत्या. शनिवारचं ऑफिस अर्धा दिवस, त्यामुळे दुपारची लोकल पकडून मावळातल्या एका डोंगरावर मुक्कामाला गेलो. डोंगराचं नाव मुद्दाम सांगत नाही, गावाला उगीच त्रास. वर सपाटी होती आणि गुडघाभर पिवळं गवत. थंडी होती. आम्ही काटक्या गोळा करून शेकोटी पेटवली, बटाटे भाजले, गाणी म्हटली. रात्री अकराच्या सुमाराला झोपताना विझवली. म्हणजे आम्हाला वाटलं, विझवली. पिण्याचं पाणी सकाळसाठी पुरवायचं होतं म्हणून अर्धीच बाटली ओतली आणि वर माती लोटली.

माती लोटली की निखारा विझत नाही, झाकला जातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आत मुळं असतात, वाळलेलं शेण असतं, ते रात्रभर धुमसत राहतं. पहाटे वारा सुटतो. साडेचारच्या सुमाराला तडतड ऐकू आली म्हणून जाग आली, तर शेकोटीपासून खाली उतारावर विसेक फुटांची लाल रेघ पसरली होती. आम्ही चपला, पांघरूण, जे हाताला आलं त्याने झोडपलं. रेघ शंभर फुटांची झाली. मग दोनशे. त्यानंतर मी मोजलं नाही.

आणि मग आम्ही पळालो. हेच खरं सांगायचं आहे. दुसऱ्या बाजूने उतरलो, सकाळची पहिली गाडी पकडली. लांबून दिसत होतं की खालच्या वाडीतले लोक हातात ओले डहाळे घेऊन वर चढत होते. आग वर जाणारी असली तर माणूस खाली पळतो, हे ठीक आहे. पण ते लोक आगीकडे चढत होते आणि आम्ही स्टेशनकडे उतरत होतो.

पुढे अठरा वर्षं मी त्या बाजूला फिरकलो नाही. बाकी सगळीकडे फिरलो. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, राजगड, हिमालयातही दोनदा. ऑफिसात माझी ओळख ‘ट्रेकर’ अशी होती. २००८च्या डिसेंबरमध्ये मुलीला सह्याद्री दाखवायचा म्हणून निघालो आणि तिने नकाशात बोट ठेवलं ते नेमकं त्या डोंगरावर. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

खालच्या वाडीत एका घरी चहा झाला. कुडाच्या भिंती, कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा गिलावा. घरधनी माझ्याच वयाचा. बोलता बोलता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘इथे वणवे लागतात का?’ तो म्हणाला, लागतात की. मग त्याने आपणहून नव्वद सालचा सांगितला. दिवाळीनंतर कापून रचलेल्या गवताच्या पाच गंज्या डोंगराच्या पायथ्याला होत्या. पाचही गेल्या. मार्च ते जून, पाऊस पडेपर्यंत जनावरांना घालायचं काय? शेजारच्या गावातून विकतचा पेंढा आणला तो पुरला नाही. त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकली. त्या वर्षी भाताची लावणी दुसऱ्याच्या बैलावर, त्याची सवड होईल तेव्हा झाली.

मी विचारलं, ‘आग लावली कुणी?’

तो म्हणाला, ‘एक पोरगं शेरडं घेऊन वर जायचं, बिडी ओढायचं. त्यानंच.’

त्या मुलाला गावाने मारलं होतं. सोळा वर्षांचा होता. त्याच्या घराशी पुढे तीन-चार वर्षं कुणी नीट बोलत नव्हतं. तो कंटाळून तळेगावला एका कारखान्यात हमालीला गेला, नंतर परत आला. हे सगळं तो घरधनी अगदी शांतपणे, मुलीला गुळाचा खडा देत देत सांगत होता.

मी त्या दिवशीही लगेच बोललो नाही. गाडीत बसलो, मुलीने विचारलं, ‘बाबा, काय झालं?’ तिला सांगितलं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. ती म्हणाली, ‘मग आपण परत का जातोय?’ कामशेतच्या अलीकडून गाडी वळवली.

त्या माणसाला, म्हणजे त्या वेळच्या मुलाला, बोलावून आणलं. घरधन्यासमोर आणि आणखी पाच-सहा जणांसमोर मी सांगितलं की ती शेकोटी आमची होती. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं होतं शिव्या पडतील, एखादी चपराकही. तो माणूस एवढंच म्हणाला, ‘मला म्हाईत व्हतं मी न्हाय ते. पर तुमाला यायला लई टाइम लागला.’

मी पैशांची गोष्ट काढली. बैलजोडीची तेव्हाची किंमत, व्याज वगैरे. माझ्यातला बँकेचा माणूस बोलायला लागला. घरधन्याने थांबवलं. म्हणाला, पैसे नंतर बघू, दिवाळी झाली की जाळरेषेला माणसं कमी पडतात, त्याला या.

जाळरेषा म्हणजे काय हे मला तिथे कळलं. गवत पूर्ण वाळण्याआधी, पहाटे दव असताना किंवा वारा पडल्यावर, डोंगराच्या कडेने पाच-सहा पावलं रुंदीचा पट्टा कापायचा आणि माणसं उभी करून तो जपून जाळून टाकायचा. पुढे कुठे आग लागली तर ती या पट्ट्यापाशी उपाशी मरते. वनखातं आपल्या हद्दीत हे करतं, पण गावाच्या गवताळ उतारांना गावालाच करावं लागतं आणि तरणी पोरं आता चाकण-तळेगावला कामाला असतात. २००९पासून मी दर वर्षी दोन दिवस जातो. करोनाचं एक वर्ष चुकलं. विळा धरायला मला तीन वर्षं लागली, अजूनही बायका माझ्या पट्ट्याकडे बघून हसतात. बैलजोडीचे पैसेही नंतर घेतले, पण ते देताना मला जे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही.

सगळे वणवे शहरातले लोक लावतात असं मी म्हणणार नाही. राब भाजताना ठिणगी उडते, जाळलं की पुढचं गवत जोमदार येतं असा समजही आहे, शिकारीसाठीही लावतात. पण सह्याद्रीत वणवा आपोआप लागतो हे विसरा. जवळजवळ प्रत्येक वणव्याच्या मुळाशी माणूस असतो. आणि जळतं ते फक्त गवत नाही. पावसाळ्यात रुजलेली झाडांची रोपं जातात. सरडे, साप, ससे, ज्यांना पळता येत नाही ते जातात. उतार उघडा पडतो आणि जूनच्या पहिल्या वळवाला वरची माती ओढ्यातून थेट धरणात. बाई, तुम्ही शिकवलेली ‘जमिनीची धूप’ मी परीक्षेत पाठ करून लिहिली होती. ती दिसते कशी, हे काळ्या पडलेल्या डोंगरावर पहिल्या पावसात उभं राहिल्यावर कळलं. चहासारखं पाणी वाहतं.

तर, समितीतल्या मित्रांनो, अधिकार असा आला.

आता उद्याचं सांगतो. शेकोटी नाही. कुणी चुलीवरचा चहा, भाजलेली कणसं असली स्वप्नं बघू नका. जेवण लोहगडवाडीत सांगितलं आहे, पिठलं, भाकरी, ठेचा, आणि ज्यांना झेपत नाही त्यांना वरणभात. चूल त्यांची, त्यांना ती सांभाळता येते, आणि पैसे गावात राहतात. पाणी प्रत्येकाने घरून दोन लिटर आणायचं, चहाला आपापला पेला आणायचा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून तो ना धड कागद ना धड प्लास्टिक, रद्दीवालाही घेत नाही. बिस्किटाच्या चकचकीत वेष्टनाचंही तेच. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली, पण गडावर ती माणसाच्या खिशातूनच येते किंवा येत नाही.

टाक्यांच्या पाण्यात हात-पाय-तोंड काहीही धुवायचं नाही. पावसाळ्यात चहूकडे पाणी असतं म्हणून किंमत वाटत नाही. पण जानेवारीनंतर गडावर जे काही पक्षी-प्राणी राहतात त्यांना तेवढंच पाणी असतं. साबणाचा एक फेस महिनोन्‌महिने तिथेच फिरत राहतो, कारण खोदीव टाक्याला बाहेर जायला वाट नसते.

आता जरा अवघड विषय. आपण सगळे साठीच्या आसपास आहोत, दर दीड तासाने कुणालातरी आडोसा लागणार आहे. लाजू नका. वाडीत सोय आहे, निघण्यापूर्वी ती वापरा. वर वेळ आलीच तर पाण्यापासून निदान सत्तर-ऐंशी पावलं लांब जा, वीतभर खड्डा करा, माती लोटा. हो, इथे माती लोटलेली चालते. (हशा) ओले टिश्यू मात्र पिशवीत परत आणायचे, त्यात बहुतेक वेळा प्लास्टिकचे धागे असतात आणि ते गांडुळालाही पचत नाहीत. मी चार छोटी खुरपी आणली आहेत, ती बसमध्ये सीटखाली असतील. मागून घ्या, ओरडून मागू नका.

स्पीकरचं कारण फक्त माझा आवडता राग नाही. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर आणि दगडफेक यांनी ती उठतात, आणि उठली की पळणाऱ्याच्या मागे लांबवर येतात. झटकत उभं राहायचं नाही, तोंड झाकून तिथून लांब निघायचं. म्हणून उद्या अत्तरही नको. मैत्रिणींनो, हे फक्त तुम्हाला नाही. आपल्या वर्गातल्या दोन सद्गृहस्थांच्या आगमनाची वर्दी आज दुपारी मला दारापासून मिळाली होती.

ग्रुपवर आणखी एक सूचना होती, जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाऊ. मी विरोध करेन असं गृहीत धरून ती माझ्यापासून लपवून दुसऱ्या ग्रुपवर टाकली होती, हे मला कळलं आहे. विरोध नाही. जाऊ या. फक्त शनिवार-रविवार सोडून, दहा-बारा जणांनी, आणि गाड्यांचे दिवे गावात विझवून. काजव्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. हिरड्या-बेहड्याच्या अख्ख्या झाडावर ती चालू असताना आपण मोबाईलचा दिवा मारतो, म्हणजे लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मध्येच बँड वाजवण्यासारखं आहे. अक्षता कुणावर टाकायच्या तेच कळत नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचं. त्यातली एक रात्र आपण घालवली तर ती त्याला परत मिळत नाही. आणि माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात असतात, तेव्हा वाट सोडून फोटोसाठी गवतात घुसायचं नाही.

कासचं पठार ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे ठाऊक आहे. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर, त्यात ती सगळी फुलं. माती इतकी गरीब की दवबिंदूसारखी काही झाडं किडे खाऊन नत्र मिळवतात. तिथे एका पावलाने मोडलेलं परत यायला किती काळ लागतो याचा हिशेब बुटांना नसतो. असो. फार झालं, घंटा झालेली मला दिसते आहे.

सर उद्या येणार आहेत. चौऱ्याऐंशी वय आहे, मी म्हटलं वाडीत थांबा, तर म्हणाले, गणेश दरवाज्यापर्यंत तरी चढेन आणि तिथून पुढचे तीन तू पाठ म्हणून दाखव. तळ्यापर्यंत ते आले तर दगड दाखवायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आणखी एक. सकाळी गायमुख खिंडीत एक पाहुणा आपल्याला भेटेल. पन्नाशीचा आहे, अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी. तो आपल्याबरोबर गडावर चालणार आहे. वाटेतली झाडं तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगतो, तेव्हा माझ्या नव्हे, त्याच्या जवळ राहा. नव्वद सालची गोष्ट त्याने काढली तर ऐका, नाही काढली तर तुम्ही काढू नका. मी त्याला फोन करून बोलावलं तेव्हा तो आधी नको म्हणाला, शेरडांना कोण बघणार. मग रात्री त्यानेच परत फोन केला. म्हणाला, येतो. बाकीचे दोघे बघायचे आहेत.

बस सकाळी सहाला सुटेल.